रिले धावणारीच्या नावावर काय जमा होतं?

लॉस एंजेलिस, ऑगस्ट १९८४. पी. टी. उषाचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याने हुकलं, हे आपल्याकडे खेळाशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असतं. ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत, ५५.४२ सेकंद, चौथा क्रमांक. त्यानंतर तीनच दिवसांनी त्याच ट्रॅकवर भारताच्या चौघीजणी ऑलिम्पिकची आणखी एक अंतिम फेरी धावल्या, हे किती जणांना माहीत आहे? उषा, एम. डी. वल्सम्मा, वंदना राव आणि शायनी अब्राहम. ४ बाय ४०० मीटर रिले, ३ मिनिटं ३२.४९ सेकंद, नवा आशियाई विक्रम, सातवा क्रमांक. एकटीची हुकलेली शर्यत दंतकथा झाली. चौघींनी मिळून गाठलेली अंतिम फेरी तळटीपेत गेली.

पुढच्या चाळीस वर्षांतही हेच चालू राहिलं. बुसान, दोहा, ग्वांगझू, इंचॉन, जकार्ता: २००२ ते २०१८ या काळातल्या पाच आशियाई स्पर्धांमध्ये महिलांच्या ४ बाय ४०० रिलेचं सुवर्ण दर वेळी भारताने आणलं. २००४ मध्ये अथेन्सला भारतीय मुलींनी पुन्हा ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठली आणि प्राथमिक फेरीत ३:२६.८९ अशी वेळ दिली. वीस वर्षं उलटली तरी राष्ट्रीय विक्रम तोच आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण. २०२३ मध्ये हांगझोऊला बहारीनच्या फक्त ०.२० सेकंद मागे राहून रौप्य. भारतीय अ‍ॅथलेटिक्समध्ये इतकी वर्षं इतक्या सातत्याने पदक देणारा दुसरा प्रकार चटकन सांगता येणार नाही. पण या सुवर्णाच्या मानकरी कोण, असं विचारलं तर क्रीडाप्रेमी म्हणवणारेही हिमा दासच्या पुढे अडखळतात.

माझं म्हणणं सरळ आहे. रिले धावणं ही स्वतंत्र कारकीर्द आहे. वैयक्तिक शर्यतीत कमी पडलेल्यांची सोय लावण्यासाठी रिले नसते, आणि वैयक्तिक शर्यती आटोपल्यावर उरलेल्या वेळात उरकायचं कामही ते नाही. हे तत्त्व म्हणून सगळे मान्य करतात. पैसा, नियम, नोंदी आणि शिक्षा यांच्यात मात्र ते कुठेच दिसत नाही.

याला एक ठरलेला आक्षेप आहे, आणि तो दुबळा नाही. रिले म्हणजे बेरीज, असं प्रशिक्षकच म्हणतात. चार वेगवान मुली तयार करा, रिले आपोआप होईल. ४ बाय १०० मध्ये बॅटन न बघता मागे हात करून घ्यावं लागतं, तिथे सरावाने सेकंद वाचतात आणि चुकीने शर्यत जाते. ४ बाय ४०० मध्ये तर येणारी थकलेली असते, घेणारी वळून बघून बॅटन घेते. त्यात वेगळं कौशल्य ते काय? आकडेही वरवर हेच सांगतात. ३:२६.८९ म्हणजे प्रत्येकीला सरासरी ५१.७ सेकंद. पॅरिसला २०२४ मध्ये अमेरिकेने ३:१५.२७ मध्ये सुवर्ण घेतलं, कांस्य ३:१९.७२ ला गेलं. आपल्या मुली तिथे प्राथमिक फेरीत ३:३२.५१ धावल्या. कांस्यापर्यंतचं तेरा सेकंदांचं हे अंतर बॅटन सफाईने दिल्याने भरून येणार नाही. त्यासाठी ५० सेकंदांच्या आसपास धावणाऱ्या मुलीच लागतील.

पहिली गोष्ट, ही बेरीज आपण स्वतःही कधी केलेली नाही. १९८४ चा संघ पुन्हा बघा: उषा आणि वल्सम्मा अडथळ्यांच्या, शायनी ८०० मीटरची. बुसानच्या सुवर्ण संघात के. एम. बीनामोल होती, तिने त्याच स्पर्धेत ८०० मीटरचं सुवर्णही जिंकलं. त्याच संघात सोमा बिस्वास होती, आणि ती तर हेप्टॅथलॉनची खेळाडू, म्हणजे सात प्रकारांत विभागलेली. इंचॉनच्या संघात ८०० मीटरची टिंटू लुका, जकार्ताच्या संघात अडथळ्यांची सरिताबेन गायकवाड. हांगझोऊच्या रौप्यविजेत्या संघातली विथ्या रामराज हीसुद्धा अडथळ्यांची. त्याच स्पर्धेत ५५.४२ धावून तिने उषाच्या विक्रमाशी बरोबरी केली. ४०० मीटरच्या राष्ट्रीय यादीतली वरची चार नावं उचलून हे संघ बनलेले नाहीत. कोण गर्दीत कोपर खाऊनही वेग सोडत नाही, कोण मागून येणारीच्या पावलांच्या आवाजाने बिथरत नाही, कोण दोन दिवसांत तिसऱ्यांदा तितकंच पळू शकते, हे पाहून ते बनले.

शर्यतीची रचनाच तशी आहे. पहिली मुलगी पूर्ण फेरी आपल्या लेनमध्ये धावते. दुसरी पहिलं वळण संपेपर्यंत लेनमध्ये राहते आणि मग सगळ्या आतल्या बाजूला झेपावतात. तिथे अर्ध्या पावलाचा निर्णय चुकला की उरलेलं अंतर बाहेरून, म्हणजे जास्त, पळावं लागतं. तिसऱ्या आणि चौथ्या मुलीला कुठे उभं राहायचं हे आधी कळत नाही. आपली साथीदार २०० मीटरच्या खुणेला कितवी आहे त्यावर रांग लागते. वीस मीटरच्या त्या पट्ट्यात आठ दमलेल्या आणि आठ ताज्या मुली एकाच वेळी असतात. बॅटन पट्ट्याच्या आत एका हातातून दुसऱ्या हातात पूर्ण गेलं पाहिजे, आणि पडलं तर ज्या हातातून पडलं तिनेच उचलायचं. वैयक्तिक ४०० मीटरमध्ये यातलं काहीही नसतं. तिथे बंदुकीपासून शेवटच्या रेषेपर्यंत दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये तुम्ही एकट्या.

दुसरी गोष्ट आयर्लंडची. पॅरिसला महिलांच्या ४ बाय ४०० मध्ये आयर्लंड ३:१९.९० वेळेने चौथं आलं, कांस्यापासून ०.१८ सेकंद दूर. पन्नास लाखांच्या आसपास लोकवस्तीचा देश. चौघींपैकी वैयक्तिक ४०० मीटरची अंतिम फेरी एकट्या ऱ्हासिदात अडेलेकेने गाठली होती. निव्वळ बेरजेचा हिशेब असता तर हा संघ तिथवर पोचायलाच नको होता. रिलेचं गणित वेगळं असतं: पळत्या सुरुवातीचे अर्धे-पाऊण सेकंद, कोणाच्या मागे कोण धावायचं याचा विचार, आणि तेच चेहरे पुन्हापुन्हा एकत्र धावणं. एक असामान्य मुलगी आणि तीन चांगल्या मुली यांतून जागतिक दर्जाचा संघ उभा राहू शकतो, पण त्या तिघींनी ‘आपली खरी शर्यत हीच’ असं मानलं तरच. आणि असं मानून कारकीर्द घालवायची तर त्या तिघींना त्यातून काय मिळतं?

एम. आर. पूवम्मा हिचं उदाहरण घ्या. पुण्यात बालेवाडीला २०१३ ची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे रिलेच्या सुवर्ण संघात ती होती. २०१४ ला इंचॉनमध्ये रिले सुवर्ण, शिवाय ४०० मीटरचं वैयक्तिक कांस्य. २०१५ मध्ये अर्जुन पुरस्कार. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिक, रिले. २०१८ ला जकार्तामध्ये पुन्हा रिले सुवर्ण, आणि मिश्र रिलेत रौप्य. बहारीनच्या संघातली धावपटू उत्तेजक चाचणीत अडकल्याने दोन वर्षांनी तेही सुवर्ण झालं. २०२२ मध्ये उत्तेजक प्रकरणात तिच्यावरच दोन वर्षांची बंदी आली. ती भोगून २०२४ च्या मे महिन्यात ती नसाऊच्या जागतिक रिले स्पर्धेत पुन्हा उभी राहिली. पहिल्या दिवशी संघाचं जमलं नाही. दुसऱ्या दिवशीच्या संधीत रूपल चौधरी, पूवम्मा, ज्योतिकाश्री दंडी आणि शुभा व्यंकटेशन यांनी ३:२९.३५ धावून पॅरिसची जागा मिळवली. पूवम्मा तेव्हा चौतिशीच्या उंबरठ्यावर होती. दोन ऑलिम्पिक आणि दोन्ही वेळा फक्त रिले. बंदीचा डाग वगळून मी हे सांगत नाही. दहा वर्षांहून जास्त काळ देशाच्या रिलेचा कणा राहिलेल्या बाईची कारकीर्द तो डाग धरूनच वाचायला हवी. पण वाचणार कुठे? या मुलींच्या खऱ्या कामगिरीची नोंदच धड नसते.

रिलेच्या निकालात बहुतेकदा चौघींची मिळून एकच वेळ छापली जाते. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या लेगमध्ये, म्हणजे एकीच्या वाट्याच्या टप्प्यात, कोणी कितीही जबरदस्त धावली तरी ती वेळ तिची वैयक्तिक सर्वोत्तम म्हणून धरली जात नाही. सुरुवात पळती असते, म्हणून ते तांत्रिकदृष्ट्या योग्यच आहे. जागतिक क्रमवारीत वैयक्तिक शर्यतीचे गुण असतात, रिले लेगचे नसतात. म्हणजे जी मुलगी एकटी धावते तेव्हा ५२.५ आणि संघासाठी धावते तेव्हा ५१, अशी मुलगी कागदावर कायम ५२.५ चीच राहते. प्रायोजक, नोकरी देणाऱ्या संस्था, जिल्ह्याच्या क्रीडा कार्यालयातला कारकून, सगळे तोच आकडा बघतात.

पैशांचं तर विचारूच नका. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णाला ७०,००० डॉलर होते, रिलेच्या सुवर्णाला ८०,०००. हे ८०,००० अख्ख्या संघाचे. चौघींत वाटले तर वाट्याला २०,०००. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये जागतिक संघटनेने पहिल्यांदाच सुवर्णविजेत्यांना रोख रक्कम दिली, तिथेही हाच हिशेब: वैयक्तिक विजेत्याला ५०,०००, आणि रिलेच्या पूर्ण संघाला मिळून ५०,०००. पदक मात्र प्रत्येकीला पूर्ण सोन्याचं देतात. (सोन्याचं म्हणजे मुलाम्याचं, हे सोडून द्या.) सन्मान वाटला जात नाही, तर रक्कम का वाटली जावी, याचं समाधानकारक उत्तर मला कुठे वाचायला मिळालेलं नाही.

संघासाठी फक्त प्राथमिक फेरी धावणाऱ्या आणि अंतिम फेरीत नसणाऱ्यांचा प्रश्न याला जोडूनच येतो. लंडनला २०१२ मध्ये अमेरिकेच्या चौघींनी ४ बाय १०० चा विश्वविक्रम ४०.८२ सेकंदांवर आणला. १९८५ पासूनचा पूर्व जर्मनीचा ४१.३७ चा विक्रम मोडला. ते छायाचित्र जगभर गेलं. प्राथमिक फेरीत त्याच संघाचा शेवटचा लेग लॉरिन विल्यम्स धावली होती. तिलाही सुवर्णपदक मिळालं, पण व्यासपीठावर ती नव्हती. ही विल्यम्स म्हणजे २००४ ला १०० मीटरची रौप्यविजेती. त्याच अथेन्समध्ये मॅरियन जोन्सकडून बॅटन वेळेत न मिळाल्याने संघ बाद झाला तेव्हा घेणारी तीच, आणि २००८ मध्ये बीजिंगला प्राथमिक फेरीत बॅटन पडलं तेव्हाही घेणारी तीच. अपयश तिच्या नावावर दोनदा ठळक छापलं गेलं, यश एकदा बारीक अक्षरांत. अ‍ॅलिसन फेलिक्सच्या ऑलिम्पिकमधल्या सात सुवर्णांपैकी सहा रिलेची आहेत, हेही लोक जरा दबक्या आवाजात सांगतात, जणू त्याने तिची उंची कमी होते. तिने जागतिक स्पर्धेतलं विसावं पदक २०२२ मध्ये मिळवलं ते प्राथमिक फेरी धावून. मला त्यात कमीपणा दिसत नाही. छत्तिसाव्या वर्षी, निरोपाची शर्यत झाल्यावर, संघाने हाक दिली म्हणून परत येऊन एक फेरी जीव तोडून पळणं हे तिच्या कारकिर्दीतलं मानाचंच पान आहे.

शिवाय एकट्याच्या शर्यतीने ज्यांना दार बंद केलं त्यांना रिलेने किती वेळा आत घेतलंय! महिलांची पहिली ऑलिम्पिक रिले १९२८ ची, अ‍ॅम्स्टरडॅमची. कॅनडाची मर्टल कुक १०० मीटरच्या अंतिम फेरीत दोनदा आधीच सुटल्याने बाद झाली होती. रिलेत शेवटचा लेग धावून तिने सुवर्ण घेतलं. ती १०० मीटर जिंकणारी बेटी रॉबिन्सन १९३१ मध्ये विमान अपघातात सापडली. गुडघा पूर्ण वाकेना, त्यामुळे खाली बसून घ्यायची सुरुवात कायमची गेली. उभ्याने बॅटन घेता येत होतं. १९३६ ला बर्लिनमध्ये ती अमेरिकेच्या संघातून तिसरा लेग धावली आणि पुन्हा ऑलिम्पिक विजेती झाली. वैयक्तिक शर्यतीच्या मापाने तिची कारकीर्द १९३१ लाच संपली होती.

आता शिक्षेचा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात अन्यायाचा. कमाई वाटून मिळते, पण दोष प्रत्येकीला पूर्ण मिळतो. एकीची चाचणी दोषी निघाली की चौघींचं पदक जातं. बीजिंगचं ४ बाय १०० चं सुवर्ण रशियाकडून २०१६ मध्ये काढून घेतलं ते युलिया चेर्मोशान्स्कायाच्या जुन्या नमुन्याच्या फेरतपासणीनंतर; बेल्जियमला आठ वर्षांनी सुवर्ण मिळालं. त्यातली किम गेवार्ट तोवर केव्हाच निवृत्त झाली होती. सिडनीच्या २००० च्या स्पर्धेबाबत मॅरियन जोन्सने उत्तेजकं घेतल्याची कबुली दिली तेव्हा तिच्या रिले साथीदारांचीही पदकं काढून घेतली गेली. त्यांच्यातल्या सात जणींनी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१० मध्ये ती परत मिळवली. कारण काय, तर त्या वेळच्या नियमांत एकीमुळे अख्खा संघ बाद करायची तरतूदच नव्हती. आज ती आहे. आणि ती असावी, हेही मला मान्य आहे; फसवून पळालेला लेग वजा करून शर्यतीचा निकाल लावता येत नाही.

पण भारतात या नियमाला शिबिराची जोड आहे, आणि तिथे गोष्ट बिघडते. आपल्या रिले संघांची तयारी वर्षानुवर्षं राष्ट्रीय शिबिरांतून होत आली आहे. तिथे प्रशिक्षक नेमून दिलेला, आहार आणि पूरक औषधं ठरवून दिलेली, सोबत कोण हेही ठरलेलं. २०११ मध्ये याच व्यवस्थेतल्या सहा धावपटू स्टेरॉइडसाठी दोषी ठरल्या. दिल्लीत राष्ट्रकुल सुवर्ण जिंकलेल्या चौघींपैकी तिघी त्यांत होत्या: सिनी जोस, अश्विनी अक्कुंजी आणि मनदीप कौर. प्रशिक्षक युरी ओगोरोदनिक यांनी आणलेल्या जिनसेंग या पूरक औषधातून ते शरीरात गेलं, असा त्यांचा बचाव होता. प्रशिक्षकाची हकालपट्टी झाली. मुलींना इथल्या समितीने एक वर्षाची बंदी घातली, ती आंतरराष्ट्रीय लवादाने दोन वर्षांची केली. सगळ्या भोळ्या होत्या असं मी म्हणत नाही. त्यांच्यातल्या एकीवर पुढे दुसऱ्यांदा बंदी आली. प्रश्न तत्त्वाचा आहे. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा जागतिक नियम आहे. तो स्वीकारायचा तर शरीरात काय जाणार हे ठरवायचा अधिकार त्या मुलीकडे हवा. स्वतःचा डॉक्टर, स्वतःचा प्रशिक्षक, हाती दिलेली पुडी नाकारण्याची मुभा, आणि नाकारल्यावर संघातली जागा जाणार नाही याची लेखी हमी. वैयक्तिक शर्यतीतल्या मोठ्या खेळाडूंना आज यातलं बरंच मिळतं. रिलेतली पाचवी-सहावी मुलगी मात्र बोलली तर सातवी तयारच असते, आणि हे तिला पुरतं ठाऊक असतं.

एकत्र सराव हवा, म्हणून शिबिर हवंच, असं यावर सांगतात. हवंच, पण वर्षातून किती आठवडे आणि कोणत्या स्पर्धांच्या आधी, हे वेळापत्रकात लिहून देता येतं. उरलेला काळ ती कुठे, कोणाकडे सराव करते ही तिची बाब.

भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने याची सुरुवात आशियाई स्पर्धेपुरती तरी करावी. आठ जणींचा रिले संघ वर्षाच्या आरंभी नावानिशी जाहीर व्हावा, राखीव धरून, आणि त्या आठही जणींना वर्षभराचा करार मिळावा. अंतिम फेरीत धावली म्हणून जास्त आणि प्राथमिक फेरीत धावली म्हणून कमी, असा भेद त्यात नको. निवड कोणत्या चाचणीवर झाली हे लेखी असावं आणि वगळलेल्या मुलीला कारण विचारता यावं. सरकारी बक्षिसांतही रिलेची रक्कम भागून नको, माणशी असावी. खर्च वाढेल, हे खरं. पण आठ मुलींचा करार हा एखाद्या मोठ्या स्टेडियमच्या नव्या छपरापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल, आणि पाच आशियाई सुवर्णं देणाऱ्या प्रकाराबद्दल बोलतोय आपण.

यातलं एक काम तर जवळजवळ फुकटात होण्यासारखं आहे: राज्य आणि राष्ट्रीय स्पर्धांच्या निकालपत्रात रिलेच्या प्रत्येक लेगची वेळ छापणं. बॅटन कोणत्या क्षणी कोणाच्या हाती गेलं, हे चित्रीकरणातून मोजता येतं. प्रशिक्षक स्वतःच्या वहीत आजही ते लिहितातच. तो आकडा वहीतून निकालपत्रावर आला, तर तिसऱ्या लेगला ५१ पळालेल्या मुलीला नोकरीच्या अर्जासोबत जोडायला स्वतःच्या नावाचा एक कागद तरी मिळेल.